संध्याकाळची भूक आणि मनाची उभारी : वाचकांची पत्रे, आमची उत्तरे

मन थकलेले, दुखावलेले किंवा धास्तावलेले असते तेव्हा तुम्ही काय खाता आणि त्याने सावरायला खरोखर मदत होते का, असा प्रश्न आम्ही गेल्या अंकात वाचकांना विचारला होता. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक ओशाळलेपण आहे, जणू मधल्या वेळचे खाणे हा लपवण्याचाच विषय असावा. ते ओशाळलेपण आधी दूर व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते. कारण लपवलेल्या गोष्टीवर शांतपणे विचार करता येत नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. राहते नौपाड्यात, नोकरी फोर्टमध्ये. दुपारचा डबा एक वाजता होतो, चार वाजता नुसता चहा. साडेसातला घरी पोहोचले की खांद्यावरची पर्सही न उतरवता मी फरसाणाचा डबा उघडते. उभ्या उभ्या दोन-तीन मुठी शेव तोंडात जाते, मग बिस्किटे, मग असेल ते. ऑफिसात कटकट झालेली असेल त्या दिवशी तर विचारूच नका. जेवायच्या वेळी भूक नसते आणि मन खट्टू होते. दर सोमवारी फरसाण बंद करते, गुरुवारी पुन्हा सुरू होते. माझ्यात निग्रहच नाही का? (गृहिणी आणि नोकरदार, ठाणे पश्चिम)

निग्रहाचे नंतर पाहू, आधी घड्याळ पाहू. एक ते साडेसात या साडेसहा तासांत तुमच्या पोटात चहापलीकडे काही जात नाही, आणि त्यातला शेवटचा तास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर गर्दीत उभ्याने काढण्यात जातो. अशा अवस्थेत घरी आलेली व्यक्ती डबा उघडते, तेव्हा त्यात मनाचा भाग कमी आणि साध्या भुकेचा भाग जास्त असतो. तुम्ही भुकेलाच स्वभावदोष समजून बसला आहात. म्हणून पहिला उपाय मनाचा नसून पाच वाजताचा आहे. फुटाणे-शेंगदाणे, केळे, सकाळच्या पोळीची गुंडाळी, राजगिऱ्याची वडी, यांपैकी काहीही पर्समध्ये असू द्या आणि गाडी पकडण्यापूर्वी खा. एवढ्याने साडेसातची ओढ बरीच सौम्य होते, हे अनेक नोकरदार स्त्रियांचे म्हणणे आहे.

उरतो तो भाग ताणाचा. प्रसंग अचानक ओढवतो तेव्हा ॲड्रिनलीनच्या प्रभावाने भूक मरते. वाईट बातमी कळल्यावर घास गिळवत नाही तो त्यामुळे. ताण रोजचा झाला, की गणित उलटे होते. शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते आणि भूक चाळवते, तीही विशेषकरून तेलकट आणि गोड पदार्थांची. मेरी डॅलमन आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २००३ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले, की दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या प्राण्याने चरबी आणि साखर खाल्ली असता त्याच्या ताणाच्या यंत्रणेला लगाम बसतो, मात्र त्याची किंमत पोटाभोवती साठणाऱ्या चरबीच्या रूपाने द्यावी लागते. तेव्हा शेव खाल्ल्यावर ‘जरा बरे वाटते’ हा निव्वळ तुमच्या मनाचा खेळ आहे, असे म्हणता येणार नाही.

तरीही एक प्रयोग तुम्हाला मुद्दाम सांगतो. मिनेसोटा विद्यापीठात ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना मन उदास करणारी दृश्ये दाखवली. त्यानंतर कधी त्यांना त्यांचा हक्काचा, मन रमवणारा पदार्थ दिला, कधी तितकाच आवडता पण तसे नाते नसलेला दुसरा पदार्थ दिला, कधी साधी धान्याची वडी दिली आणि कधी काहीच दिले नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मनःस्थिती सगळ्याच वेळी सुधारली आणि जवळपास सारखीच सुधारली. ज्यांनी काहीच खाल्ले नाही तेही थोड्या वेळात सावरले. आपण श्रेय पदार्थाला देतो. प्रत्यक्षात मधे गेलेला वेळ आणि मनाची स्वतःहून पूर्वपदावर येण्याची ताकद, या दोघांनी ते काम केलेले असते. मला हा निष्कर्ष फार आश्वासक वाटतो, कारण तुमच्यात सावरण्याची शक्ती आहेच आणि ती फरसाणाच्या डब्यात नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

आता सोमवार आणि गुरुवारविषयी. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ साली काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी बेताने खाणे पाळण्याची धडपड नसलेल्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत स्वतःला आवरून धरणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर जास्तच खाल्ले. एकदा नेम मोडलाच आहे, तर आता कशाला थांबायचे, असे हे मन. ‘बंद’ हा शब्द जितका कडक, तितका गुरुवार लवकर येतो. त्यामुळे फरसाण बंद करू नका. पर्स खाली ठेवा, हातपाय धुवा, शेव वाटीत काढा, डबा जागेवर ठेवा आणि खुर्चीवर बसून खा. वाटीभर शेव खाल्ल्याबद्दल स्वतःला बोल लावू नका.

शेवटी एक गोष्ट तुमच्या घरच्यांसाठी, तुम्ही विचारली नसली तरी. पत्राच्या अखेरीस तुम्ही सहज लिहिले आहे, की आल्या आल्या कुकर लावावा लागतो, कारण पतिराज आणि कॉलेजात जाणारा मुलगा वाट पाहत असतात. ऑफिस सुटणे आणि ओट्याशी उभे राहणे यांच्यामध्ये तुम्हाला मिळणारी एकमेव फुरसत म्हणजे तो फरसाणाचा डबा आहे. ती फुरसत मिळावी म्हणून हात डब्यात जातो. साडेसातच्या आत डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावणे हे दोन धडधाकट पुरुषांना अवघड नाही. हे पत्र त्यांना वाचायला द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : मन उदास असताना गोड खाल्ले की मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन वाढते, असे सर्वत्र वाचायला मिळते. हे खरे आहे का? (निवृत्त शिक्षक, वाशी)

प्रत्यक्ष जेवणाखाण्यात जवळजवळ नाही. पिष्टमय पदार्थांमुळे ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल मेंदूत अधिक पोहोचू शकते आणि त्यापासून सेरोटोनिन बनते, एवढे खरे. पण खाण्यात थोडीशी प्रथिने असली तरी तो परिणाम पुसला जातो, आणि आपल्या लाडू-बर्फीत बेसन, दूध, दाणे असतातच. २०१९ साली ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा पिष्टमय आणि गोड खाण्याने मनःस्थिती सुधारल्याचे दिसले नाही. उलट अर्ध्या तासात थकवा आणि तासाभरात मरगळ वाढल्याचे दिसले. सणाला पेढा खाऊन आनंद होतो तो सणाचा आणि हातावर पेढा ठेवणाऱ्याचा. तो जरूर घ्यावा, औषध म्हणून घेऊ नये.

प्रश्न : मी जयसिंगपूरचा, वय २६. ऐरोलीत तिघे मित्र भाड्याने राहतो, महापेच्या एका कंपनीत रात्रपाळी करतो. कामाचा ताण असला की वेफर्सचे मोठे पाकीट कधी संपते ते कळतही नाही आणि समाधानही होत नाही. आई एसटीने भडंग पाठवते, ते मात्र मूठभर खाल्ले तरी पुरते आणि काम करायला हुरूप येतो. डबा संपला की दोन दिवस उगाच रिकामे वाटते. मित्र चेष्टा करतात. दोन्ही चटकमटकच, मग हा फरक का? (ऐरोली)

तुमचा प्रश्न फार नेमका आहे, आणि मित्रांनीही तो गंभीरपणे घ्यावा.

पहिला फरक पदार्थातला आहे. पातळ, खारट, तोंडात लगेच विरघळणारे वेफर्स भराभर खाल्ले जातात आणि पोट भरल्याची जाणीव मागे पडते. केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ साली २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न दिले. समोर ठेवलेल्या अन्नात उष्मांक, साखर, मेद, मीठ सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त घेतले आणि तेही अधिक वेगाने. भडंगात लसणाचा करकरीत तुकडा, शेंगदाणा, कढीपत्त्याचे पान दाताखाली येते. चावावे लागते, थांबावे लागते, तिखटाने घोटभर पाणी प्यावे लागते. शिवाय डबा आईकडून आलेला असल्यामुळे तुम्ही तो पुरवून पुरवून खाता, म्हणजेच लक्ष देऊन खाता.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जाते, वासाला मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट वाट आहे. डब्याचे झाकण उघडताच लसूण-तिखटाचा वास आला, की विचार करण्याआधीच जयसिंगपूरचे घर तुमच्यापर्यंत पोहोचलेले असते. ट्रॉइसी आणि गेब्रियल या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले, की ज्यांना चिकन सूप हा आपला जिव्हाळ्याचा पदार्थ वाटतो, त्यांच्या मनात ते प्यायल्यावर नात्यांशी निगडित शब्द अधिक सहज उमटतात. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात, जवळच्या माणसाशी झालेले भांडण आठवायला लावल्यावर ज्यांना अशा पदार्थाविषयी लिहायला सांगितले, त्यांना एकटेपणा कमी जाणवला. पण हा लाभ मुख्यतः ज्यांची नाती भरवशाची होती त्यांनाच झाला. पदार्थ नात्याची आठवण करून देतो. मुळात नातेच नसेल तर तो कोठून आणणार? भडंगाने तुम्हाला हुरूप येतो, कारण ते पाठवणारे माणूस खात्रीचे आहे. यात चेष्टा करण्यासारखे काहीही नाही.

आता हे उपयोगात आणा. डबा एकट्याने पुरवून खाण्यापेक्षा पहाटे तीनच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर वाटून खा. कांदा-कोथिंबीर घालून चौघांना पुरेल. आईकडून फोनवर कृती विचारून घ्या आणि एखाद्या रविवारी तिघे मिळून करा. तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजाराला लागून राहता, सामान मिळायला तोटा नाही. पहिल्या खेपेला लसूण करपेल, दुसऱ्या खेपेला जमेल. डबा संपल्यावर येणारे रिकामेपण त्याने कमी होईल, कारण आईशी जोडलेला धागा मग एसटीच्या पार्सलवर अवलंबून राहणार नाही.

आणि झोप. शिकागो विद्यापीठाच्या २००४ सालच्या एका अभ्यासात तरुण, निरोगी पुरुषांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन वाढले, पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन घटले आणि गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची वासना वाढली. रात्रपाळीनंतर दिवसा जाड पडदे लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सलग झोप घेण्याचा प्रयत्न करा. वेफर्सचे निम्मे पाकीट तिथेच शिल्लक राहील.

प्रश्न : वय ५४. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी काही महिन्यांपूर्वी बंद झाली. लेथवर आयुष्य गेले. शनिवारी पाळी सुटली की स्टेशनजवळ मामलेदारला मिसळ खायला आमची टोळी जायची, ते मी बंद केले आहे, कारण मित्र पैसे देतात ते मनाला लागते. पत्नी चकली आणि भाजणीच्या ऑर्डरी घेते, त्यावर घर चालते. मी दिवसभर घरात बसून तिच्या तुटक्या चकल्या खात असतो. भूक नसते, तरी हात जातो. स्वतःची लाज वाटते. (ठाणे)

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ साली सुरुवात झाली ती वागळे इस्टेटपासून, आणि तिथल्या यंत्रांवर या शहराच्या दोन-तीन पिढ्या जगल्या. त्या जागी आता काचेच्या इमारती दिसतात, तेव्हा तुमच्यासारख्या कुशल कामगाराच्या पोटात कालवत असेल, हे आम्ही समजू शकतो. काम गेले, की पगाराबरोबर दिवसाचा आकार जातो, हाताचे वळण जाते आणि आपली गरज असलेली माणसे जातात. या तीन रिकाम्या जागा चकलीच्या तुकड्यांनी भरत नाहीत, म्हणून हात पुन्हा पुन्हा जातो.

आपल्या भागात हे यापूर्वीही घडले आहे. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडापाव विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या उठल्या आणि अनेक कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. त्याही आधी, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. या इतिहासाचे गोडवे गाऊन संपात उद्ध्वस्त झालेल्यांचे दुःख झाकू नये. गेलेली नोकरी गाडीने परत आणली नाही. पण पहाटे बटाटे उकडायला उठावे लागले, गिऱ्हाईक नावाने हाक मारू लागले, संध्याकाळी गल्ला मोजावा लागला. खाण्याच्या पदार्थाने माणसे सावरली ती या मार्गाने, करण्यातून आणि विकण्यातून.

तुमच्या घरात तो मार्ग आधीच उघडलेला आहे आणि तो तुमच्या पत्नीने उघडला आहे. मोहन थोडे कमी पडले तर चकली दगडासारखी होते, थोडे जास्त झाले तर तेलात विरघळते. भाजणीतली एक डाळ कमी-जास्त भाजली तर सगळा घाणा बिघडतो. हे मापाचे काम आहे, आणि शतांश मिलिमीटरच्या हिशेबात आयुष्य काढलेल्या माणसाला माप शिकवावे लागत नाही. भाजणी भाजणे, वजन करून पाकिटे भरणे, घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांत पोहोचवणे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घेणे, ही कामे मागून घ्या. एकच पथ्य पाळा: धंदा तिचा आहे. तिच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा मानू नका आणि सूत्रे आपल्या हाती घेण्याची घाईही करू नका. चकलीचे तुकडे दुपारच्या चहाबरोबर दोघांनी बसून खावेत, एवढी सोय त्यातच होईल.

शनिवार मात्र आम्ही सोडू देणार नाही. टोळीतल्या ज्या एका मित्राशी मोकळेपणाने बोलता येते त्याला आधी सांगा, की सध्या हात तंग आहे, मी माझ्यापुरता चहा घेईन. ज्या टोळीने वर्षानुवर्षे एकमेकांच्या ताटात जादा तर्री वाढली, ती टोळी चहावर आलेल्या माणसाला परके समजणार नाही. पुढच्या खेपेला दोन पाकिटे चकली बरोबर न्या. त्यांच्यातही गिऱ्हाइके आहेत.

प्रश्न : सून लोकलने कामाला निघाली की चार वर्षांचा नातू रडतो. मी त्याला चॉकलेट देते, तो लगेच गप्प होतो. सून म्हणते, असे करू नका. एवढ्याशा खाऊने काय बिघडते? (आजी, नेरूळ)

आजी, खाऊने काही बिघडत नाही, खाऊच्या वेळेने बिघडते. ब्रिटनमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मुलाला शांत करण्यासाठी ज्या आया खाणे पुढे करतात, त्यांची मुले मन खट्टू झाल्यावर भूक नसतानाही गोड जास्त खातात. रडू आले की तोंडात काहीतरी टाकायचे, एवढेच ती शिकतात. म्हणून तुमच्या सुनेचे म्हणणे ऐकावे.

पण तुमच्याजवळ चॉकलेटपेक्षा मोठी गोष्ट आहे. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके घेतला. गरिबी, घरातले आजार, भांडणे अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले मोठेपणी समर्थ, मायाळू माणसे झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे लहानपणी त्यांना जीव लावणारे निदान एक भरवशाचे मोठे माणूस होते. अनेकदा ते माणूस आजी किंवा आजोबा असे. नातू रडू लागला की त्याला मांडीवर घ्या, ‘आईची आठवण येते ना? ती संध्याकाळी येणार आहे,’ असे सांगा आणि त्याला रडू द्या. काही मिनिटे रडेल, मग आपणहून थांबेल. ते आपणहून थांबणे त्याला तुमच्या कुशीत शिकता येते. चार वाजता दूध-पोहे झाल्यावर खाऊचा डबा खुशाल उघडा, आणि शक्य तर त्यात गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवा.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. परीक्षेत विषय राहिल्यापासून ती बदलली. रात्री सगळे झोपल्यावर खाते. गेल्या आठवड्यात चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात केक आणि बिस्किटांची दुमडून ठेवलेली पाकिटे सापडली. दुसऱ्या दिवशी ती जेवत नाही. पती म्हणतात, लाडावली आहे, पैसे देणे बंद करा. मी तिला काय बोलू? (आई, खारघर)

आतापर्यंतच्या पत्रांपेक्षा हे पत्र वेगळे आहे. ताणात थोडे जास्त खाणे सर्वांकडून होते. परंतु कमी वेळात खूप खाणे, थांबता न येणे, भूक नसताना पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने एकटीने खाणे आणि नंतर स्वतःचा तिरस्कार वाटणे, असे आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने चालू असेल, तर तो खाण्याशी संबंधित मानसिक आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ सालापासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. खाल्ल्यानंतर ती मुद्दाम उलटी करत असेल, जुलाबाची औषधे घेत असेल, चक्कर येत असेल किंवा पाळी चुकत असेल, तर तीन महिन्यांची वाट पाहू नका. शरीरातील पोटॅशियम कमी होऊन हृदयाला धोका पोहोचू शकतो, त्यामुळे त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आणि तिच्या तोंडून जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर त्याच दिवशी.

पैसे बंद केल्याने लपवण्याच्या जागा बदलतील, इतकेच. वडिलांचा राग काळजीपोटी आहे हे मान्य, पण त्या पाकिटांच्या बारीक घड्यांत लाड दिसत नाहीत. त्यांत भीती दिसते. पाकिटे तिच्यासमोर पुरावा म्हणून ठेवू नका आणि खोलीची झडतीही घेऊ नका. दोघीच असाल अशी वेळ पाहून, जेवणाच्या टेबलापासून दूर, सेंट्रल पार्कात फेरी मारताना म्हटले तरी चालेल, इतके म्हणा: ‘परीक्षेपासून तू आतल्या आत खूप सोसते आहेस असे मला वाटते. रात्री खाल्ले जाते हे मला कळले आहे आणि मी रागावलेली नाही. आपण दोघी कुणाला तरी भेटू या.’ ती चिडली, तर विषय तेथेच सोडा आणि चार दिवसांनी पुन्हा काढा.

या आजारावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत यात चांगली उपयोगी पडते आणि त्यातली सुरुवातीची पायरी ऐकायला साधी आहे: दिवसातून तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, ठरलेल्या वेळी, काही झाले तरी. दिवसभर उपाशी राहिल्याने रात्रीचा झपाटा वाढतो, म्हणून ‘काल खाल्लेस ना, मग आज राहू दे’ हे वाक्य घरात उच्चारू नये. आधी फोनवर बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, विनामूल्य असून मराठीत बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. त्याच्या नावाभोवती जुनी भीती साचलेली असली, तरी तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून, औषध किंवा सल्ला घेऊन लोक घरी जातात. खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणार असाल, तर वेळ घेतानाच खाण्याच्या आजारांचे रुग्ण ते पाहतात का, हे विचारून घ्या.

पहिल्या भेटीला तिच्यासोबत जा, पण डॉक्टरांशी तिला एकटीला बोलू द्या. तोपर्यंत वजन, कपड्यांचे माप आणि राहिलेला विषय या तीन गोष्टी घरात कुणीही काढू नयेत, आणि सकाळचा नाश्ता वडिलांनी तिच्याबरोबर बसून करावा.